खारपड जमिनीत मूळ काय काय गमावतं?

बारामती-इंदापूरकडच्या खारपड रानांचा विषय पुण्यात निघाला की उत्तर ठरलेलं असतं: क्षारांमुळे मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून ऊस पिवळा पडतो. शाळेतलं परासरण इथे लागू आहेच. पण मूळ नुसतं ओढत नाही, ते सतत बाहेरही टाकत असतं.

साखर, अमिनो आम्लं, सायट्रिक आणि मॅलिक आम्ल, फ्लॅवोनॉइड, बुळबुळीत चिकट द्रव. पानांच्या कमाईतला बराच वाटा या वाटेने मातीत जातो. मुळाभोवतीच्या या गजबजलेल्या थराला जर्मन शास्त्रज्ञ लॉरेंझ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये 'ऱ्हायझोस्फिअर' हे नाव दिलं. सोयाबीनची मुळं फ्लॅवोनॉइड सोडूनच रायझोबियमला, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतला नायट्रोजन पिकाला देणाऱ्या जिवाणूंना, बोलावतात. क्षार वाढले की या द्रव्यांचं प्रमाण बिघडतं आणि गाठीही कमी धरतात.

मला मात्र यातला विजेचा भाग सगळ्यात आवडतो. मुळाच्या पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत ऋण असते, साधारण १२० ते १५० मिलिव्होल्टने. म्हणजे पेन्सिल सेलच्या जेमतेम दहावा भाग. प्रोटॉन बाहेर फेकणारा पंप एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्चून हा विजेचा दाब टिकवतो. आत पोटॅशियम बाहेरच्या शंभरपट असेल, तर ते धरून ठेवायला आतबाहेरच्या आयनांच्या प्रमाणावरून विजेचा दाब काढणाऱ्या नर्न्स्टच्या सूत्राप्रमाणे सुमारे ११८ मिलिव्होल्ट लागतात. आता सोडियमचे धन आयन आत घुसले की दाब पडतो. तो ११८ च्या खाली गेला की पोटॅशियमला बाहेर सोडणाऱ्या वाहिन्या उघडतात आणि पेशीतली कितीतरी विकरं ज्याच्या जोरावर चालतात, तेच पोटॅशियम मातीत गळायला लागतं. सोडियम परत बाहेर ढकलायचं, तर त्यालाही त्याच प्रोटॉनचा उतार (बाहेर जास्त, आत कमी) वापरावा लागतो. पंपावर दुहेरी बोजा. बार्लीच्या ज्या वाणांची मुळं अशा वेळी पोटॅशियम धरून ठेवतात, ते वाण क्षारही जास्त सोसतात.

कॅल्शियम उपयोगी पडतं ते इथेच. सोडियम ज्या वाहिन्यांतून शिरतं, त्यांतल्या बऱ्याच कॅल्शियममुळे आवळल्या जातात. जिप्सममधलं कॅल्शियम चिकणमातीच्या कणांवरून सोडियम हुसकावतं हे सगळ्यांना माहीत असतं. मुळावरचं हे दुसरं काम फारसं कोणी सांगत नाही.

'क्षार खाणारे जिवाणू' असं छापलेल्या बाटल्यांबद्दलही बोलायला हवं. सोडियम हे मूलद्रव्य आहे. जिवाणूने ते गिळलं तरी नाहीसं होत नाही, जिवाणू मेला की पुन्हा मातीतच. मुळाजवळचे काही जिवाणू खरोखर मदत करतात, पण वेगळ्या रीतीने. ताणाखालचं मूळ एसीसी नावाचं द्रव्य सोडतं, त्यापासूनच वनस्पतीत इथिलीन बनतं आणि इथिलीन वाढलं की मुळाची वाढ खुंटते. हे जिवाणू बाहेर आलेलं एसीसी खाऊन टाकतात, इथिलीन कमी होतं, मूळ वाढत राहतं. मीठ असतं तिथेच असतं.

ते जातं फक्त पाण्याबरोबर, चर काढून निचरा केला तर. जिप्समही सरसकट टाकू नये. मातीची विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचं माप) ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आणि विनिमयक्षम सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेल्या धन आयनांतला सोडियमचा वाटा) १५ टक्क्यांच्या आत असेल, तर ती नुसती क्षारयुक्त जमीन. तिथे आधी निचरा आणि गोडं पाणी. सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेलं, म्हणजे जमीन चोपण झाली, तर जिप्सम. आणि सुटलेलं सोडियम वाहून न्यायला निचरा तिथेही लागतोच.