'वन ऑफ दोज हू'नंतर क्रियापद कोणते? एका नियमाची पार्श्वभूमी

स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजीच्या पेपरात 'चूक ओळखा' या प्रश्नात एक वाक्य नावे बदलून पुन्हा पुन्हा येते: 'शी इज वन ऑफ दोज स्टुडंट्स हू कम्स ऑन टाइम.' क्लासमध्ये घोटून घेतलेले उत्तर बहुतेकांना पाठ असते. 'कम्स'च्या जागी 'कम' हवे, कारण 'हू'चा अँटिसिडंट 'स्टुडंट्स' आहे आणि तो अनेकवचनी आहे. 'द ओन्ली वन ऑफ' आले तर मात्र 'कम्स' बरोबर. या दोन ओळींवर एक मार्क मिळतो किंवा जातो. या ओळी आल्या कुठून आणि त्यांना एवढे कडक रूप कधी आले, हे गाइडमध्ये नसते.

सगळी गुंतागुंत अँटिसिडंट या एका शब्दात आहे, म्हणून आधी त्याच्याकडे पाहू. मराठीत याला कोणी पूर्वगामी म्हणतात, कोणी पूर्वपद म्हणतात. व्याख्या सोपी वाटते: संबंधी सर्वनाम ज्या नामाबद्दल बोलते ते नाम. पण 'वन ऑफ दोज स्टुडंट्स हू' या शब्दसमूहात 'हू'च्या आधी दोन उमेदवार उभे असतात, 'वन' आणि 'स्टुडंट्स'. 'हू' स्वतः काहीच सांगत नाही. इंग्रजीत 'हू' एकवचनातही तोच आणि अनेकवचनातही तोच. म्हणजे पूर्वगामी कोणता ते क्रियापदावरून ओळखायचे आणि क्रियापद कोणते ते पूर्वगामीवरून ठरवायचे, असा हा फेरा आहे. 'स्टुडंट्स हाच पूर्वगामी' हे वाक्यात कुठेही लिहिलेले नसते, ते अर्थावरून ठरवावे लागते. शिवाय हा पेच उभा राहतो तो फक्त वर्तमानकाळात आणि 'वॉज-वेअर'च्या ठिकाणी. 'केम' किंवा 'कॅन कम' असते तर कोणाला काही जाणवलेही नसते.

मराठीला हा प्रश्न पडत नाही. आपण सहज म्हणतो, 'वेळेवर येणाऱ्यांपैकी ती एक आहे.' इथे क्रियापदाचे झाले धातुसाधित, आणि अनेकवचन 'येणाऱ्यां'मध्येच शिरले. लांबण लावून म्हटले तरी 'जी मुले वेळेवर येतात त्यांपैकी ती एक' असेच येते. 'जो, जी, जे' ही सर्वनामे लिंग आणि वचन अंगावर वागवतात, त्यामुळे निवाडा क्रियापदापर्यंत पोचायच्या आधीच होतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना अनेकवचनाचा नियम एकदा सांगितला की पटकन पटतो, त्याचे कारण बहुधा हेच असावे. मूळ वाक्य ती मनात मराठीत मांडून पाहतात.

इंग्रजीत हा प्रश्न अगदी जुना आहे. इ. स. १०००च्या आसपासच्या जुन्या इंग्रजीतल्या शुभवर्तमानात, खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या माणसाच्या दाखल्याच्या सुरुवातीला 'ॲल्च थारा थे' अशी रचना येते. शब्दशः अर्थ 'त्यांतला प्रत्येक, जो' किंवा 'त्यांतला प्रत्येक, जे'. 'थारा' हे षष्ठीचे अनेकवचन, आणि 'थे' हा वचन न दाखवणारा संबंधी शब्द. पुढचे 'ऐकतो' हे क्रियापद एकवचनी आहे. त्या काळी एकवचन आणि अनेकवचन यांचे प्रत्यय वेगळे होते, त्यामुळे यात शंकेला जागा नाही. ही रचना त्या भाषेत रुळलेली होती. सांगायचे एवढेच, की अनेकवचनी शब्द शेजारी असूनही एकवचनी क्रियापद वापरण्याची सवय इंग्रजीला हजार वर्षांची आहे.

नंतरच्या काळात वचनापेक्षा पुरुषाचा मेळ जास्त ठळकपणे दिसतो. १६११च्या बायबलमध्ये दहा आज्ञांची सुरुवात अशी आहे: 'आय ॲम द लॉर्ड दाय गॉड, विच हॅव ब्रॉट दी आउट ऑफ द लँड ऑफ ईजिप्ट.' 'विच'च्या लगेच आधी 'गॉड' आहे, म्हणून 'हॅथ' यायला हवे होते. आले आहे 'हॅव'. भाषांतरकारांनी मेळ घातला तो वाक्याच्या पहिल्या शब्दाशी, 'आय'शी. आजच्या 'चूक ओळखा'मध्ये हे वाक्य टाकले तर कित्येक हुशार मुले 'हॅव'लाच खूण करतील. आपल्याला ही रचना परकी वाटू नये. 'तू, जो एवढा शहाणा आहेस, तो असे बोलतोस?' या वाक्यात 'जो'नंतर 'आहे' न येता 'आहेस' येते, कारण 'जो'च्या मागे 'तू' उभा आहे.

या सवयीला लेखी नियमाचे रूप देणारी जी पुस्तके अठराव्या शतकात आली, त्यांतले सर्वांत जास्त खपलेले १७९५ साली यॉर्कमध्ये निघाले. लेखक न्यूयॉर्कहून येऊन तिथे स्थायिक झालेले वकील होते, आणि पुस्तक लिहिले होते एका मुलींच्या शाळेसाठी. संबंधी सर्वनामाचा पुरुष पूर्वगामीप्रमाणे आणि क्रियापद त्याला अनुसरून, हा नियम त्यात स्वच्छ शब्दांत आहे. 'दाउ हू लव्हेस्ट विझ्डम' आणि 'आय हू स्पीक फ्रॉम एक्स्पीरियन्स' ही त्याची उदाहरणे. आपल्याकडेही १८३६ साली मराठीचे जे छापील व्याकरण आले, त्याची मांडणी बरीचशी अशाच इंग्रजी व्याकरणांच्या धर्तीवर होती.

या १७९५च्या पुस्तकात पुढे एक उपनियम आहे. तो फारसा कोणी वाचत नाही, आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. संबंधी सर्वनामाच्या आधी वेगवेगळ्या पुरुषांचे दोन कर्ते असतील तर मेळ कोणाशीही घालता येतो, असे तो सांगतो. उदाहरण दिले आहे: 'आय ॲम द मॅन हू कमांड यू' किंवा 'आय ॲम द मॅन हू कमांड्स यू'. पहिल्या रूपात अर्थ जरा अंधुक होतो, म्हणून वाक्याची फेररचना केलेली बरी, असा सल्लाही सोबत आहे. चूक मात्र दोन्हींपैकी कशालाच म्हटलेले नाही. ज्या परंपरेचे नाव घेऊन आज आपण मुलांचे मार्क कापतो, त्या परंपरेचे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक दोन उमेदवार असतील तर दोन्ही चालतात असे सांगत होते. तिथे प्रश्न पुरुषाचा होता आणि 'वन ऑफ दोज हू'मध्ये वचनाचा आहे, हे खरे. पण पेच एकाच जातीचा आहे: एक 'हू' आणि त्यामागे दोन नामे.

हा दरवाजा बंद झाला तो विसाव्या शतकातल्या हँडबुकांमुळे. १९२६ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या प्रमाण मानल्या गेलेल्या एका वापरकोशाने 'वन ऑफ दोज हू'नंतरच्या एकवचनाला सरळ चूक ठरवले. त्याच्यामागचे तर्कशास्त्र पक्के आहे. वाक्य उलटवून पाहायचे: 'ऑफ दोज स्टुडंट्स हू कम ऑन टाइम, शी इज वन.' असे उलटवले की 'कम्स' बसतच नाही. आपल्या क्लासांत आजही हीच युक्ती शिकवतात, आणि ती चांगली आहे. 'वन ऑफ द बेस्ट बुक्स दॅट हॅव बीन रिटन' अशा वाक्यात तर अनेकवचनाला पर्याय नाही असे माझे मत आहे. 'दॅट हॅज बीन रिटन' म्हटले की 'उत्तम' कशांतले उत्तम, याची हद्दच पुसली जाते.

तरीही लोक एकवचन लिहीतच राहिले. चांगले लेखकही लिहीत राहिले. १९८९ साली अमेरिकेतल्या एका शब्दकोश-प्रकाशकाने वापराच्या वादांवर जाडजूड कोश काढला. त्यात जुन्या इंग्रजीपासूनचे पुरावे मांडून दोन्ही रूपे सतत वापरात असल्याचे दाखवले आहे. लिहिणाऱ्याच्या मनावर 'वन'चा पगडा आहे की 'दोज'चा, त्यावर क्रियापद ठरते, असा त्याचा निष्कर्ष. २००२च्या एका मोठ्या वर्णनात्मक व्याकरणानेही एकवचनाला रूढ पर्याय म्हणून जागा दिली.

मनावरच्या पगड्याची गोष्ट वर्गात दाखवता येते. 'शी इज वन ऑफ दोज स्टुडंट्स हू ब्रिंग देअर ओन टिफिन' हे नियमाप्रमाणे झाले. आता मनात ती एकच मुलगी आहे, तिचा डबा डोळ्यांसमोर आहे, आणि 'हर ओन टिफिन' म्हणायचे आहे. मग 'ब्रिंग' टिकत नाही, 'ब्रिंग्स'च म्हणावे लागते. एकदा 'हर' आले की क्रियापद ओढले जाते. नियम पाळायचा तर 'हर' सोडावे लागते, आणि तिच्याबद्दल बोलता बोलता आपण सगळ्यांबद्दल बोलू लागतो. स्वल्पविरामाने आणखी फरक पडतो. 'आय मेट वन ऑफ माय कझिन्स, हू लिव्ह्ज इन नाशिक' इथे एकवचनच हवे, कारण नाशिकला राहणारा भाऊ एकच आहे. गाइडांत हे उदाहरण क्वचितच असते, आणि 'वन ऑफ दिसले की अनेकवचन' एवढेच पाठ केलेली मुले इथे हमखास चुकतात.

एकवचन लिहिणारे घाईत चुकतात, जवळच्या शब्दाकडे ओढले जातात, असे पुष्कळदा सांगितले जाते. गेल्या काही दशकांतल्या प्रयोगांशी हे जुळत नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लोकांना 'द की टू द कॅबिनेट्स' यासारखी सुरुवात देऊन वाक्य पूर्ण करायला सांगितले होते. मधल्या 'कॅबिनेट्स'मुळे लोक 'इज'ऐवजी 'आर' म्हणून जात. उलट बाजूने, म्हणजे कर्ता अनेकवचनी आणि मधले नाम एकवचनी असताना, अशा चुका फारच कमी झाल्या. ओढ असते ती अनेकवचनाची. 'वन ऑफ दोज स्टुडंट्स हू'मध्ये तर 'हू'च्या अगदी शेजारी अनेकवचनी नाम आहे. नुसत्या ओढीने चूक होत असती तर ती 'कम'च्या बाजूला झाली असती. लोक 'कम्स' लिहितात ते या ओढीच्या विरुद्ध जाऊन. तिथे त्यांच्या मनात 'वन'च असते, असेच म्हणावे लागते.

ओढीने होणारी चूक संबंधी वाक्यात वेगळ्या ठिकाणी होते. २००९ सालच्या एका अभ्यासात 'द म्युझिशियन्स हू द रिव्ह्यूअर प्रेज सो हायली' यासारखी वाक्ये वाचायला दिली होती. इथे 'प्रेज'चा कर्ता 'रिव्ह्यूअर' आहे, म्हणून 'प्रेजेस' हवे. पण आधीचे 'म्युझिशियन्स' मनात घोळत असल्यामुळे वाचणाऱ्यांना ती चूक एरवीइतकी खटकली नाही. अमेरिकेतल्या काही लोकांच्या बोलीत तर अशा जागी पूर्वगामीला धरूनच क्रियापद येते, हे १९७१ सालीच नोंदवले गेले होते.

दोन वर्षांपूर्वी एका सराव परीक्षेनंतर एक विद्यार्थिनी उत्तरतालिका घेऊन माझ्याकडे आली. संस्थेचे नाव इथे घेत नाही. प्रश्न तोच, 'वन ऑफ दोज हू'चा. वाक्याचे चार भाग केले होते, तिने 'नो एरर'वर खूण केली होती आणि मार्क गेला होता. तिने सोबत एका इंग्रजी दैनिकाच्या अग्रलेखाचे कात्रण आणले होते. त्यातल्या तशाच वाक्यात एकवचन होते, आणि तिने त्याखाली पेन्सिलने रेघ ओढली होती. "सर, मग हे चूक आहे का?" तिच्या प्रश्नाला मी त्या दिवशी दिलेले उत्तर अपुरे होते. "परीक्षेत अनेकवचन लिही," एवढेच मी म्हणालो.

आज विचाराल तर मी अनेकवचनच शिकवेन. लेखी इंग्रजीत ते अर्थाला जास्त धरून आहे, आणि कोणी बोट ठेवू शकत नाही. पण 'चूक ओळखा'मध्ये हे वाक्य घालण्याला माझा ठाम विरोध आहे. ज्या रूपाला हजार वर्षांचा वापर आहे, ज्याला आजची मोठी व्याकरणे पर्याय मानतात, त्याला चूक म्हणून एका मुलीचा मार्क कापणे मला अन्यायाचे वाटते. एकेका मार्कावर निवड हुकणाऱ्या परीक्षांत तर जास्तच. प्रश्न काढायचाच असेल तर गाळलेली जागा देऊन 'अधिक योग्य रूप निवडा' असा काढता येतो.

माझ्या सराव संचातून ते वाक्य मी काढले. त्या जागी आता 'द लेटर्स दॅट माय अंकल राइट टू अस आर लाँग' हे वाक्य आहे. पहिल्यांदा दिले तेव्हा बत्तीस मुलांपैकी एकोणीस जणांनी 'नो एरर'वर खूण केली, आणि 'राइट्स' का हवे यावर तो सगळा तास गेला.