नाफ्टा, टीपीपी आणि डेमोक्रॅटिक पक्षातली उमेदवारीची लढत

अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी कोणाला, या लढतीत ८ मार्च २०१६ रोजी मिशिगन राज्यात बर्नी सँडर्स यांनी हिलरी क्लिंटन यांच्यावर दीड टक्क्याहून कमी फरकाने मात केली. मतचाचण्यांत क्लिंटन वीसेक टक्क्यांनी पुढे होत्या. सँडर्स यांनी तिथे एकच मुद्दा लावून धरला होता: नाफ्टा (अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोचा मुक्त व्यापार करार), चीनला दिलेला कायमस्वरूपी व्यापारी दर्जा आणि टीपीपी (पॅसिफिक महासागराभोवतालच्या देशांचा व्यापार करार) या तिन्हींना आपला पहिल्यापासून विरोध होता, क्लिंटन यांचा नव्हता. हा मुद्दा इतका का चालला, हे समजून घ्यायला बरेच मागे जावे लागते.

आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. अमेरिकेत ते राज्याराज्यांतल्या प्रायमरीत मतदार ठरवतात आणि ही राज्ये एकाच दिवशी मत देत नाहीत. व्यापार कराराचा फायदा देशभर पसरतो, स्वस्त टीव्ही नि कपडे सगळ्यांनाच मिळतात. तोटा मात्र काही गावांवर एकवटतो. गाडीच्या सुट्या भागांचा कारखाना मेक्सिकोला गेला की गावातले दुकान, शाळेचा कर आणि घराची किंमत सगळेच खाली येते. मिशिगन, ओहायो ही अशा गावांची राज्ये, आणि २०१६ मध्ये त्यांची प्रायमरी मार्चमध्ये, उमेदवारीचा निकाल लागायच्या आत आली. शिवाय मिशिगनमध्ये मतदाराची पक्षनिहाय नोंदणीच नसते. त्या दिवशी ज्या पक्षाची मतपत्रिका हवी ती मागायची. त्यामुळे पक्षाशी फारसे नाते नसलेला कामगारही या लढतीत उतरतो.

पहिली मोठी चुणूक १९८८ ची. डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी लढणारे डिक गेपहार्ट यांनी आयोवा राज्यात एक जाहिरात चालवली: क्रायसलर या अमेरिकी कंपनीची दहा हजार डॉलरची गाडी कर नि शुल्क चढून कोरियात ४८ हजार डॉलरला पडते. ते आयोवा जिंकले, पण पुढच्या राज्यांत पैसा नि संघटन कमी पडले. १९९२ मध्ये उमेदवारीच्या लढतीतले जेरी ब्राउन यांनी प्रायमरीत नाफ्टाला उघड विरोध केला. बिल क्लिंटन यांनी मधली वाट काढली: करार मान्य, पण कामगार आणि पर्यावरणासाठी पूरक करार जोडून. डेमोक्रॅटिक उमेदवारांनी पुढची पंचवीस वर्षे हीच वाट वापरली.

१७ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे प्रतिनिधीगृहात, नाफ्टा २३४ विरुद्ध २०० मतांनी मंजूर झाला. आकड्यांची फोड पाहा: डेमोक्रॅट १०२ बाजूने आणि १५६ विरोधात, रिपब्लिकन १३२ बाजूने आणि ४३ विरोधात. म्हणजे डेमोक्रॅटिक अध्यक्षाचा करार विरोधी पक्षाच्या मतांवर पार पडला. विरोधातले उरलेले एक मत व्हरमाँटच्या अपक्ष सदस्याचे, बर्नी सँडर्स यांचे. तेवीस वर्षांनंतर प्रचारात दाखवायला हेच मत त्यांच्या हाती होते.

इथे फास्ट ट्रॅक समजून घ्यायला हवा, कारण राग बराचसा त्याच्यावरच होता. १९७४ च्या कायद्याने आलेल्या या पद्धतीत अध्यक्ष करार करतो आणि काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, फक्त हो किंवा नाही म्हणते. दुरुस्ती सुचवता येत नाही. २०१५ च्या कायद्यानुसार (त्याची मुदत २०२१ मध्ये संपली) सही करायच्या ९० दिवस आधी काँग्रेसला कळवावे लागे. अंमलबजावणीचे विधेयक आले की जास्तीत जास्त ९० कामकाजी दिवसांत मतदान घ्यावेच लागे. दुसऱ्या देशाशी बोलणी करताना हे सोयीचे असते, कारण तिथले सरकार विचारते की आज ठरलेले उद्या तुमच्या संसदेत बदलणार नाही ना. पण कामगार संघटनेच्या नजरेतून पाहिले तर मसुदा बंद खोलीत तयार होतो आणि त्यांच्या खासदाराकडे पेन नसतेच.

२००० मध्ये चीनला कायमस्वरूपी व्यापारी दर्जा देणारे विधेयक प्रतिनिधीगृहात २३७–१९७ ने गेले. त्यानंतरच्या दशकात अमेरिकेतल्या कारखान्यांतल्या नोकऱ्या सुमारे १.७३ कोटींवरून १.१५ कोटींवर आल्या. यात यंत्रे आणि २००८ ची मंदी यांचाही मोठा वाटा आहे. सगळे खापर करारांवर फोडणे बरोबर नाही. पण ज्याचा कारखाना गेला त्याला कारणांची टक्केवारी कोणी वाटून देत नाही.

२००८ च्या ओहायो प्रायमरीत हा मुद्दा कसा फसतो ते नीट दिसले. २६ फेब्रुवारीला क्लीव्हलँडच्या वादचर्चेत ओबामा आणि हिलरी क्लिंटन दोघांनीही सांगितले की नाफ्टातून बाहेर पडायची धमकी देऊन फेरवाटाघाटी करू. धमकीला आधार होता: कलम २२०५ प्रमाणे सहा महिन्यांची लेखी नोटीस दिली की देश बाहेर पडू शकतो. मग कॅनडाच्या वकिलातीतले टिपण फुटले. ओबामांचे अर्थसल्लागार ऑस्टन गूल्सबी शिकागोतल्या कॅनडाच्या अधिकाऱ्यांना भेटले होते, आणि टिपणाचा आशय असा की ही भाषा धोरणापेक्षा राजकीय मांडणीसाठी जास्त आहे. गूल्सबी यांनी हा अर्थ नाकारला, पण मतदान तोंडावर आले होते. ४ मार्चला ओहायो क्लिंटन यांनी जिंकले. महिनाभरातच तशीच अडचण त्यांच्यावर आली. त्यांचे मुख्य रणनीतीकार मार्क पेन कोलंबियाच्या राजदूतांना कराराच्या कामासाठी भेटल्याचे उघड झाले आणि पेन यांना पद सोडावे लागले. त्या करारालाच क्लिंटन यांचा विरोध होता.

अध्यक्ष झाल्यावर ओबामांनी नाफ्टाची नोटीस दिली नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये कोरिया, कोलंबिया आणि पनामाचे करार मंजूर झाले आणि मग बारा देशांचा टीपीपी पुढे आला. जून २०१५ मध्ये फास्ट ट्रॅक अडवण्यासाठी डेमोक्रॅट सदस्यांनी त्याला जोडलेली, एरवी स्वतःला प्रिय असलेली टीएए, म्हणजे आयातीमुळे नोकरी गेलेल्यांसाठीची मदत योजना, पाडली: १२६ विरुद्ध ३०२. सहा दिवसांनी फास्ट ट्रॅक वेगळा काढून २१८–२०८ ने मंजूर करवून घेतला गेला.

टीपीपीत एक कलम मोटार कामगारांना नेमके बोचत होते. नाफ्टात शुल्कमाफीसाठी गाडीचा ६२.५ टक्के भाग करारातल्या देशांत बनलेला लागे. टीपीपीत निव्वळ खर्चाच्या हिशेबाने ४५ टक्के पुरत होता. उरलेले ५५ टक्के चीनमधूनही येऊ शकले असते. क्लिंटन यांनी २०१२ मध्ये टीपीपीचा गौरव केला होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये, वाटाघाटी संपल्यावर दोनच दिवसांनी, त्यांनी विरोध जाहीर केला. मिशिगनच्या मतदारांनी हे दोन्ही ऐकले होते.

तरीही सँडर्स यांना त्या विजयातून फार काही मिळाले नाही. उमेदवार शेवटी डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनातले प्रतिनिधी, ठरवतात आणि डेमोक्रॅटिक पक्षात ते मतांच्या प्रमाणात वाटतात. मिशिगनमध्ये सँडर्स यांना ६७, क्लिंटन यांना ६३. त्याच दिवशी मिसिसिपीत क्लिंटन यांना ३१, सँडर्स यांना ५. दिवसाची बेरीज क्लिंटन यांच्या बाजूने. आठवड्याभराने ओहायोही क्लिंटन यांनी मोठ्या फरकाने जिंकले. नोव्हेंबरमध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मात्र त्या ट्रम्प यांच्याकडून मिशिगन १०,७०४ मतांनी हरल्या. २३ जानेवारी २०१७ ला ट्रम्प यांनी टीपीपीतून अमेरिकेला बाहेर काढले.

२०२० मध्ये सँडर्स यांनी मिशिगनमध्ये जो बायडेन यांचे १९९३ चे नाफ्टाच्या बाजूचे मत पुढे आणले. या वेळी ते चालले नाही. बायडेन मोठ्या फरकाने जिंकले. नाफ्टाची जागा घेणारा करार डिसेंबर २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३८५–४१ ने मंजूर झाला होता. त्यात गाडीसाठी ७५ टक्क्यांची अट होती, आणि गाडीच्या किमतीतला ४० ते ४५ टक्के भाग ताशी किमान १६ डॉलर मजुरीच्या कामातून यावा अशीही. दोन्ही पक्षांनी मत दिल्यावर बोट दाखवायला एकच बाजू उरली नव्हती.

टीएएची गोष्ट मात्र कोणत्याच प्रायमरीत मोठी झाली नाही. केनेडींच्या काळात, १९६२ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत तीन कामगारांनी मिळून, संघटनेने किंवा कंपनीने अर्ज करायचा, नोकरी आयातीमुळे गेली हे सरकारी तपासणीत टिकायला हवे, मगच प्रशिक्षण आणि जादा भत्ता. सेवा क्षेत्रातले कामगार २००९ पर्यंत बहुतेक बाहेरच होते. १ जुलै २०२२ पासून योजनेची मुदत संपली आणि नवे अर्ज मंजूर होणे थांबले.