हँडब्रेकची मोटर बदलण्याआधी करंट मोजा

सांगली-मिरजेत आता सेकंडहँड पासाट, ऑडी, जुनी जीप कंपास सहज दिसतात. या गाड्यांना हँडब्रेकची दांडी नसते; गिअरजवळ एक छोटं बटण असतं. गाडी जुनी झाली की एखाद्या सकाळी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, ‘पार्किंग ब्रेक फॉल्ट’ असा मेसेज येतो आणि लगेच सांगितलं जातं, ‘मोटर गेली, कॅलिपर (चाकाजवळचा, पॅड डिस्कवर आवळणारा भाग) बदला.’ मागचे दोन्ही कॅलिपर बदलूनही आठवड्यात तोच दिवा पुन्हा लागतो. अशा वेळी दोष मोटरमध्ये नव्हताच, तो तिच्यापर्यंत वीज पोचवणाऱ्या वाटेत होता. बॅटरी, वायर, कपलर (वायरी जोडणारा प्लग) हे तपासल्याशिवाय कॅलिपरला हात लावू नये, असं आमचं ठाम मत आहे. त्यामागचं कारण समजून घ्यायला हा ब्रेक काम कसा करतो ते पाहावं लागेल.

असा ब्रेक 2001 साली बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये आला. तिथे मोटर केबल ओढत होती. 2005 च्या पासाटमध्ये मोटर थेट मागच्या कॅलिपरवर बसवली आणि पुढे हीच रचना सगळीकडे पसरली. मुठीत मावेल एवढी 12 व्होल्टची मोटर, तिच्यापुढे दातेरी पट्टा आणि गिअर. पासाटच्या रचनेत मोटर 150 फेरे फिरते तेव्हा स्पिंडलचा, म्हणजे आट्यांच्या दांड्याचा, एक फेरा होतो. स्पिंडलवरचा नट पुढे सरकतो, पिस्टनला आतून ढकलतो आणि पॅड डिस्कवर आवळले जातात. स्पिंडलचे आटे इतके कमी चढाचे असतात की दाब कितीही आला तरी नट आपोआप मागे फिरत नाही, जसा गाडीखाली लावलेला स्क्रूचा जॅक वजनाने स्वतःहून खाली येत नाही. म्हणून ब्रेक एकदा लागला की वीज बंद झाली तरी तो लागलेलाच राहतो. बॅटरी काढून टाकली तरी गाडी घरंगळत नाही.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक गाड्यांत पॅड किती दाबले गेले हे मोजणारा सेन्सर कॅलिपरमध्ये नसतोच. ब्रेकचं मॉड्यूल, म्हणजे ब्रेक चालवणारा छोटा संगणक, फक्त मोटर किती करंट ओढते एवढंच पाहतं. बटण ओढलं की क्षणभर करंट उसळतो, मग मोटर मोकळी फिरत असताना दोन-चार अँपिअरवर येतो, नट पिस्टनला टेकला की चढू लागतो आणि ठरलेल्या मर्यादेला पोचताच मॉड्यूल मोटर बंद करतं. चढ वेळेत आला नाही, फार लवकर आला किंवा आलाच नाही, तर मॉड्यूल दिवा लावतं. चूक नेमकी कुठे झाली हे त्याला दिसत नाही. एखाद्या वायरीत गंज असला तरी त्याच्या लेखी ‘उजव्या मोटरचा दोष’ असतो आणि दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर तेच उमटतं. स्कॅनरवरचं वाक्य वाचून पार्ट मागवणं ही या कामातली सगळ्यात महाग चूक आहे.

तपासणीआधी गाडी सपाट जागेवर उभी करा, गिअरमध्ये टाका आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. ज्या ब्रेकचा भरवसा उरलेला नाही त्याच्या जिवावर गाडीखाली जायचं नाही.

सुरुवात बॅटरीपासून. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी सेल्फ मारायच्या आधी मल्टिमीटर लावा. 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी. मग सेल्फ मारताना बघा. आकडा 9.6 च्या खाली गेला तर बॅटरी थकली आहे, इंजिन सुरू झालं तरीही. सेल्फच्या त्या झटक्यात व्होल्टेज इतकं पडतं की ब्रेकचं मॉड्यूल गोंधळून दोष नोंदवतं. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट मिळायला हवेत. नाही मिळाले तर अल्टरनेटरकडे वळा. टर्मिनलवर पांढरी-निळी पूड असेल तर गरम पाणी आणि खायचा सोडा लावून धुवा, आवळा. बॅटरीची काळी केबल चॅसिसला जिथे बोल्टने बसते ती जागाही घासून चकचकीत करा. बॅटरी बदलल्यावर काही गाड्यांत स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून आणि हँडब्रेक दोन-तीनदा लावून-सोडून घ्यावा लागतो, तेव्हा दिवा जातो.

त्यानंतर ब्रेक पेडलचा स्विच. पाय ब्रेकवर आहे हे कळल्याशिवाय मॉड्यूल हँडब्रेक सोडत नाही. कुणाला तरी मागे उभं करून पेडल दाबा. ब्रेकचे दिवे उशिरा लागत असतील किंवा मधेच विझत असतील तर काहीशे रुपयांचा हा छोटा स्विच आधी बदला. फ्यूजही बघा. दोन्ही बाजूंना बहुधा वेगळे फ्यूज असतात, बऱ्याच गाड्यांत 30 अँपिअरचे. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा टाकू नका.

ब्लूटूथवर चालणारा स्वस्त कोड रीडर इथे उपयोगाचा नाही, तो इंजिनापुरताच बोलतो. ब्रेकच्या मॉड्यूलपर्यंत पोचणारा स्कॅनर लागतो. ‘सी’ने सुरू होणारे कोड चॅसिसचे, ज्यात ब्रेकही येतो, ‘यू’ने सुरू होणारे मॉड्यूलांच्या आपसांतल्या संपर्काचे. ‘यू’ आणि कमी व्होल्टेजचे कोड सोबत दिसले तर बॅटरीवर आणि अर्थिंगवर परत जा. कोड पुसण्याआधी त्यांचा फोटो काढून ठेवा. पुसल्यावर कोणता कोड लगेच परत येतो आणि कोणता येत नाही, यातून अर्धं निदान होतं.

सांगलीत या बिघाडाला एक खास कारण आहे, ते म्हणजे पाणी. 2005, 2019 आणि 2021 साली कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा मारुती चौक, गणपती पेठ या भागांत गाड्याही पाण्यात गेल्या. पुरात उभी राहिलेली गाडी धुऊन, पॉलिश करून विकली जाते, पण कपलरमध्ये गेलेला बारीक गाळ तिथेच बसतो. गाळात ओल टिकते, पितळी पिना हिरव्या पडतात आणि पाणी वायरीच्या आवरणाखालून तांब्याच्या तारांतून हातभर आत चढतं. वरून वायर धडधाकट दिसते, आवरण सोललं की आतल्या तारा काळ्या आणि ठिसूळ निघतात. पूर न पाहिलेल्या गाड्यांतही वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा थेट कॅलिपरवर मारला की हेच हळूहळू घडतं. दुसरी नाजूक जागा म्हणजे वायर बॉडीतून बाहेर पडून शॉकअपच्या बाजूने चाकाकडे जाते तो भाग. चाक प्रत्येक खड्ड्यात वर-खाली होतं, वायर त्याच ठिकाणी वाकते आणि काही वर्षांनी आवरण शाबूत राहून आतल्या तारा एकेक करून तुटतात.

अशी अर्धवट तुटलेली वायर मल्टिमीटरच्या बझरला, म्हणजे वायर अखंड असली की वाजणाऱ्या तपासणीला, फसवते. बझरच्या तपासणीत मीटर वायरीतून मिलिअँपिअरच्या घरातला करंट सोडतं. एकच तार शिल्लक असली तरी तेवढा करंट आरामात जातो आणि बझर वाजतो. मोटर मात्र आठ-दहा अँपिअर मागते. म्हणून मोजमाप मोटर चालू असतानाच करायचं. कपलर लावलेला ठेवून मागून बारीक पिना घाला, मल्टिमीटर मिन-मॅक्सवर (सगळ्यात कमी आणि जास्त आकडा धरून ठेवणाऱ्या सेटिंगवर) ठेवा आणि सोबतच्या माणसाला बटण दाबायला सांगा. समजा बॅटरीवर 12.3 व्होल्ट आहेत आणि कपलरवर 9.5 मिळाले, तर 2.8 व्होल्ट वाटेत गेले. करंट 8 अँपिअर असेल तर मधला रोध 0.35 ओहम. आकडा लहान दिसतो, पण या मोटरचा स्वतःचा रोधच ओहमभराच्या आसपास असतो. दुसऱ्या चाकावरही हेच मोजा. दोन बाजूंतला फरक हा कुठल्याही छापील आकड्यापेक्षा जास्त बोलका असतो.

करंटसाठी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर) लागतो. घरच्या वायरिंगवाल्यांकडचे बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसीचे असतात, ते इथे शून्य दाखवतील. दोन वायरींपैकी एकाच वायरीभोवती क्लॅम्प लावा. मोटर गरगरते पण करंट चढतच नाही, तर पट्टा किंवा गिअर तुटलेला. मोकळं फिरतानाच करंट जास्त, तर स्पिंडल किंवा गिअर गंजून जड झालेला. व्होल्टेज पूर्ण पोचतं, करंट शून्य, आवाजही नाही, तर आता मात्र मोटर खरंच गेली.

वायरमन लोकांना एक विनंती. मोटरच्या दोन्ही वायरी मॉड्यूलकडेच जातात. मोटर उलट-सुलट फिरवायला मॉड्यूल धन-ऋण बाजू बदलतं. त्यामुळे यातली एखादी वायर बॉडीला अर्थ करून बघू नका, मॉड्यूल जळू शकतं. मोटरला थेट बॅटरी लावणंही धोक्याचं. वेळेवर थांबवणारं कुणी नसल्यामुळे नट टोकाला जाऊन असा रुततो की मग कॅलिपर खरंच बदलावा लागतो.

वायर दुरुस्त करताना लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा आणि मूळ वायरच्याच जाडीचा तुकडा जोडा. चाकाजवळच्या हलत्या भागात सोल्डर नको. सोल्डरने तारा कडक होतात आणि जोडाच्या शेजारीच पुन्हा तुटतात. क्रिम्प करून (जोड पकडीने दाबून) आतून गोंद असलेली, तापवल्यावर आकसणारी हीट श्रिंक नळी चढवा. कपलरच्या पिना काँटॅक्ट क्लीनरने धुऊन, वाळवून, रबरी सीलला अगदी थोडं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावा. सील फाटलं असेल तर कपलरच बदला.

मागचे पॅड बदलल्यावर सुरू होणारे दोष वेगळे. स्कॅनरने ब्रेक ‘सर्व्हिस मोड’मध्ये नेला की नट मागे सरकतो, तेव्हाच पिस्टन मागे ढकलता येतो. हे न करता शिकंज्याने (सी-क्लॅम्पने) पिस्टन दाबला तर आतला नट किंवा गिअर मोडतो. कॅलिपर उतरवलेला असताना कुणी हँडब्रेकचं बटण ओढलं तर मोटर पिस्टन बाहेर काढते आणि ब्रेक ऑइल जमिनीवर सांडतं. पॅड झिजून अगदी पातळ झाले तरी नटाचा प्रवास लांबतो आणि दिवा लागतो. तिथे दुरुस्ती म्हणजे फक्त नवे पॅड.

ब्रेक लागलेल्या स्थितीत गाडी अडकली तर ओढू नका. आधी जंप केबल लावून व्होल्टेज द्या, निम्मं काम तिथेच होतं. तरीही सुटला नाही तर चाकांना ठोकळे लावून कॅलिपरवरची मोटर दोन बोल्ट काढून सोडवतात आणि स्पिंडल हाताने फिरवून ब्रेक मोकळा करतात. मोटर परत बसवताना ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) नवी घ्या. जुनीतून पाणी शिरलं की पुढच्या पावसाळ्यात तेच काम पुन्हा.

एक आवाज मात्र बिघाडाचा नाही. घाट उतरून आल्यावर गाडी लावली की काही मिनिटांनी मागून आपोआप ‘घर्र’ होतं. तापलेली डिस्क थंड होऊन आकसते, पकड ढिली पडते आणि मॉड्यूल ब्रेक पुन्हा आवळतं.

दुरुस्तीनंतर ब्रेक चार-पाच वेळा लावून-सोडून घ्या आणि दहा-पंधरा किलोमीटर चालवा. थांबल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने मागच्या दोन्ही डिस्क एकाच जागी मोजा. एक बाजू बरीच जास्त तापली असेल तर तिथला ब्रेक पूर्ण सुटत नाही. सांगली सपाट आहे, म्हणून पकड तपासायला दंडोबाच्या डोंगराकडचा रिकामा चढ बरा. तिथे ब्रेक लावून, गाडी न्यूट्रलमध्ये आणि पाय पेडलच्या वर तयार ठेवून पाहा. अॅक्सिलरेटर दाबून ओढ तपासू नका, बऱ्याच गाड्या त्या क्षणी ब्रेक स्वतःहून सोडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गार असताना स्कॅनर पुन्हा एकदा लावा; ओलसर कपलरचा दोष बहुधा गारव्यातच उघडा पडतो.