‘कार्बन न्यूट्रल सहल’ हा शिक्का आम्ही का काढला

मागच्या हंगामापर्यंत आमच्या बुकिंग फॉर्मच्या तळाशी एक चौकट होती. तिच्यात टिक केली की बिलात थोडी रक्कम वाढायची, ती प्रवासाच्या धुराची भरपाई म्हणून दुसरीकडच्या एखाद्या प्रकल्पाला जायची आणि पावतीवर ‘कार्बन न्यूट्रल सहल’, म्हणजे सहलीचा धूर भरून निघाला, असा हिरवा शिक्का उमटायचा. यंदा ती चौकट काढली. बऱ्याच जणांनी कारण विचारलं, म्हणून हे पत्रक.

विमानाचं एक किलो इंधन जळलं की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. इंधनातल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो, म्हणून वजन वाढतं. या वायूचा मोठा भाग शतकानुशतकं हवेत राहतो. विमानामागे आकाशात उमटणाऱ्या पांढऱ्या रेषाही एकंदरीत उष्णता धरून ठेवतात, पण अशा भरपाईच्या, म्हणजे ऑफसेटच्या, अनेक हिशेबांत त्या धरलेल्याच नसतात.

आपण केलेल्या उत्सर्जनाइतकंच उत्सर्जन दुसऱ्या कुणी टाळावं किंवा शोषून घ्यावं यासाठी पैसे देणं, याला ऑफसेट म्हणतात. टाळलेला किंवा शोषलेला एक टन कार्बन डायऑक्साइड म्हणजे एक क्रेडिट. घोडं अडतं ते एकाच प्रश्नापाशी: हे पैसे मिळाले नसते तर काय झालं असतं? जंगल वाचवल्याचं क्रेडिट आपण घेतलं, पण ते जंगल कुणी तोडणारच नव्हतं, तर आपल्या पदरात काय पडलं? २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सहा देशांतल्या २६ वनसंरक्षण प्रकल्पांची तपासणी प्रसिद्ध झाली. बहुतेक ठिकाणी प्रकल्पामुळे जंगलतोड लक्षणीय घटल्याचं दिसलं नाही, आणि जिथे घटली तिथेही ती दाव्यापेक्षा बरीच कमी होती. झाडांना वणव्याचाही धोका असतो. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये बूटलेग वणवा पेटला, त्यात ऑफसेटसाठी राखलेलं जंगलही जळालं.

हे वाचल्यावर आम्ही आमचीच कागदपत्रं काढून बसलो. प्रमाणपत्रावरचा अनुक्रमांक रजिस्ट्रीत, म्हणजे क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या यादीत, टाकून पाहिला. क्रेडिट खरं होतं, आमच्या नावावर रद्दही झालेलं होतं, म्हणजे दुसऱ्या कुणाला ते पुन्हा विकता येणार नव्हतं. तिथवर सगळं चोख. पण प्रकल्प होता पवनचक्क्यांचा. कित्येक वर्षांपूर्वी उभा राहिलेला, वीज विकून व्यवस्थित चाललेला. तुमचे पैसे पोचायच्या कितीतरी आधीपासून ती पाती फिरत होती आणि पैसे पोचले नसते तरी फिरत राहिली असती. मग तुमच्या प्रवासाचा धूर भरून निघाला, असं पावतीवर कोणत्या तोंडानं छापायचं?

सगळेच प्रकल्प असे नसतात. कचरा डेपोतून निघणारा मिथेन पकडून जाळणाऱ्या प्रकल्पाला बऱ्याचदा क्रेडिटशिवाय दुसरी कमाई नसते, त्यामुळे तिथे पैशांनी खरंच फरक पडण्याची शक्यता जास्त. अशा कामाला जरूर मदत करा, पण ती देणगी समजून. तिकिटाच्या हिशेबातून ती वजा करू नका. कायदाही आता याच दिशेने चालला आहे. मार्च २०२४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने केएलएम या विमान कंपनीच्या पर्यावरणविषयक जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. केवळ ऑफसेटच्या आधारावर एखाद्या उत्पादनाला ‘हवामानासाठी निरुपद्रवी’ म्हणण्यास युरोपीय संघात २७ सप्टेंबर २०२६ पासून बंदी आहे.

उत्सर्जन खरं घटतं ते प्रवास आखतानाच. म्हणून आता आमच्या कोटेशनमध्ये दराशेजारी दरडोई अंदाजे उत्सर्जनही छापलेलं असेल. रेल्वेने सोयीचं असेल तिथे आम्ही आधी रेल्वेचा पर्याय देऊ. विमान लागलंच तर शक्यतो थेट, कारण टप्पा बदलला की अंतर वाढतं आणि जास्त इंधन खाणारं उड्डाण पुन्हा करावं लागतं. बिझनेस क्लासची एक सीट इकॉनॉमीच्या कित्येक सीटची जागा अडवते, तेव्हा तिच्या वाट्याला धूरही तेवढाच जास्त येतो. आणि वर्षात दोन धावत्या सहली करण्याऐवजी एकच, पण निवांत मुक्कामाची करता येईल का, हे आम्ही तुम्हाला विचारणार आहोत. त्यात आमचं एक बुकिंग कमी होतं, याची कल्पना आहे.

मागच्या हंगामात ज्यांनी त्या चौकटीत टिक केली होती, त्यांना ती रक्कम परत मिळेल. जुनी पावती घेऊन या. पावती हरवली असली तरी बुकिंगच्या नावावरून नोंद शोधून देऊ.