उचल घेतली म्हणजे मजूर बांधला गेला का?

“उचल त्यांनीच मागून घेतली, अंगठा दिला, मग वेठबिगारी कसली?” ऊसतोडीच्या हंगामात हे दरवर्षी ऐकू येतं, अधिकाऱ्यांच्या तोंडूनसुद्धा. आणि ते दरवर्षी चूकच असतं.

उचल काय असते हे बीडकडे कुणाला सांगायला नको. हंगामाआधी मुकादमाने, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराने, कोयत्याला, म्हणजे जोडप्याला, आगाऊ दिलेली रक्कम. ती तोडणीतून वळती होते. एवढ्याने वेठबिगारी होत नाही. उलट, वेठबिगारीला साखळदंड किंवा पिढीजात कर्ज लागतं, हीही समजूत सोडा.

विचारायचं एकच: उचल फिटायच्या आत मजुराला काम सोडून जाता येतं का? १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याप्रमाणे कर्जापोटी दुसरीकडे काम करण्याची किंवा हवं तिथे जाण्याची मोकळीक गेली, किंवा किमान वेतनापेक्षा कमीवर राबावं लागलं, तर यातलं एकही पुरेसं आहे. उचल घेताना मजूर राजी होता की नाही, याने काही बदलत नाही.

ही मोकळीक जाते कशी, ते हिशोबातच दिसतं. साखर संघ आणि ऊसतोड कामगार संघटनांच्या २०२४ च्या करारात तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. दिवसाला दोन टन धरले तर जोडप्याचे ७३२. लाखाची उचल फिटायला १३७ दिवस लागतात, तेही एकही खाडा न पडता आणि किराण्याला रुपयाही न घेता. हंगाम मात्र पाचेक महिन्यांचाच. मग बाकी राहते आणि पुढच्या वर्षावर चढते. ही बाकी हा गुन्हा नव्हे. मुकादमाने त्यासाठी दिवाणी दावा लावावा. पण बाकीपोटी पोरगं ठेवून घेतलं, गाडी पाठवून माणूस बळजबरीने परत आणला, की ती वेठबिगारी. कलम ६ प्रमाणे ते कर्जच संपतं.

म्हणून पोलीस ठाण्यात बसून “निम्मी उचल भरा आणि जा” अशी तडजोड करणाऱ्यांचा मला संताप येतो. संपलेल्या कर्जाची वसुली हाच कलम ९ खाली गुन्हा आहे.

मजुरांच्या सुटकेचा अर्ज जिल्हाधिकारी किंवा प्रांतांकडे द्या. “मजुरी दिली नाही” एवढंच लिहिलं तर तो मजुरीचा वाद ठरून कामगार कार्यालयात जाऊन पडतो. उचल किती, कुणाकडून, कधी. जायला निघाल्यावर कुणी, कसं अडवलं, हे आधी लिहा. कागद नसला तरी अडू नका: हे वेठबिगारीचं कर्ज नाही, हे कलम १५ प्रमाणे सावकारानेच, म्हणजे इथे मुकादमानेच, सिद्ध करायचं असतं. सुटका झाली की मुक्ती प्रमाणपत्र हातात घेतल्याशिवाय मजुरांना गावी पाठवू नका. पुनर्वसनाचे पैसे त्यावरच मिळतात.