नवा अँटीव्हायरस टाकण्याआधी जुना काढा

‘घरच्या कॉम्प्युटरला कोणता अँटीव्हायरस घेऊ?’ हे आम्हाला रोज विचारलं जातं. उत्तर पुढे दिलं आहे. पण स्लो झालं म्हणून दुकानात येणाऱ्या मशीनमध्ये बऱ्याचदा दोष निवडीचा नसतो, एकावर एक दोन अँटीव्हायरस बसलेले असतात.

नव्या लॅपटॉपमध्ये अनेकदा मॅकॅफी किंवा नॉर्टनची ट्रायल आधीच असते. मुदत संपते, पण प्रोग्राम तिथेच राहतो. त्यावरच क्विक हील किंवा के७ टाकलं जातं. मग फाईल कुठलीही उघडा, दोघेही ती तपासायला घेतात. ४ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसते. कधी वेबसाइट तपासणारे दोन फिल्टर एकमेकांच्या आड येतात आणि इंटरनेटच बंद पडतं. आळ मात्र नव्या अँटीव्हायरसवर येतो.

काढायची पद्धत सोपी आहे. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘प्रोग्राम्स अँड फीचर्स’मध्ये जा, जुन्या नावावर अनइन्स्टॉल करा, मशीन रीस्टार्ट करा. यादी पुन्हा पाहा, कारण एकाच कंपनीच्या दोन-तीन नोंदी असू शकतात. मॅकॅफीचं वेबअ‍ॅडव्हायझर वेगळं दिसतं. फोल्डर हाताने डिलीट करू नका. ड्रायव्हर (विंडोजच्या आत बसलेला त्याचा भाग) मागे राहतो आणि अनइन्स्टॉल करणारी फाईलच निघून जाते. अडलंच तर त्या कंपनीच्याच साइटवरचं रिमूव्हल टूल वापरा. नव्याच्या सेटअपने ‘आधीचा काढा’ असं सांगितलं तर तिथेच थांबा. शेवटी ‘विंडोज सिक्युरिटी’च्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ उघडा. अँटीव्हायरसखाली एकच नाव चालू दिसायला हवं. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर नवा आल्यावर आपोआप बाजूला होतो, तो काढायच्या मागे लागू नका.

जुना काढायचे आम्ही वेगळे पैसे घेतो, त्यावर काही ग्राहक नाराज होतात. पण रिमूव्हल टूल, रीस्टार्ट, अपडेट आणि मग पूर्ण स्कॅन, यात हार्ड डिस्कच्या मशीनवर अर्धा दिवस सहज जातो. अँटीव्हायरस आमच्याकडून घेतलात तर हे काम त्याच किमतीत.

आता निवड. मशीन एकटी मोठी व्यक्ती वापरते, विंडोज ११ आहे, अपडेट वेळेवर होतात, काम मेल आणि बँकेपुरतं आहे, तर डिफेंडर पुरतो. काउंटरवरही आम्ही हेच सांगतो. फक्त ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’मध्ये नको असलेली अ‍ॅप अडवणारं बटण चालू आहे ना, ते पाहा. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोजमधली भोकं अँटीव्हायरस बुजवत नाही. म्हणून विंडोज १० असेल तर आधी मशीन विंडोज ११ घेतं का, ते तपासून घ्या.

मुलं मशीन वापरतात, पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानातून फिरून येतो, वाटेल त्या साइटवरून डाउनलोड होतं, अशा घरात पैसे देऊन घेतलेलं पॅकेज उपयोगी पडतं. पेन ड्राइव्ह लावताच स्कॅन, मुलांसाठी वेबसाइटवर मर्यादा आणि अडचणीला फोनवर मदत, या ३ गोष्टी पाहून पॅक निवडा. घरी ३ मशीन असतील तर १ युजरचे (म्हणजे १ मशीनचे) ३ पॅक घेण्याआधी ३ युजरच्या पॅकची किंमत विचारा. सहसा तोच स्वस्त पडतो. अ‍ॅक्टिव्हेट करताना मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच द्या, दुकानाचा किंवा भाच्याचा नको. रिन्यूअलची सूचना आणि ‘की’ (अ‍ॅक्टिव्हेट करायचा नंबर) हरवल्यावरची ओळख त्यावरच असते. फॉरमॅट करायच्या आधी ही ‘की’ लिहून ठेवा.

क्रॅक केलेलं विंडोज किंवा टॅली आम्ही टाकत नाही. क्रॅक चालवायला अँटीव्हायरस बंद करायला सांगतात आणि तो फोल्डर ‘एक्सक्लूजन’मध्ये, म्हणजे न तपासायच्या यादीत, टाकायला लावतात. अँटीव्हायरस पुन्हा चालू केला तरी ती नोंद तशीच राहते आणि त्या फोल्डरकडे तो बघतच नाही. मशीन आणाल तेव्हा ही यादी आम्ही आधी तपासतो.

डेस्कटॉप असेल तर फक्त कॅबिनेट आणा, लॅपटॉपसोबत चार्जर आणा, आणि जुन्या अँटीव्हायरसचा बॉक्स किंवा की असेल तर तीही.