पाण्याचं कुंपण : अँटिलोप आयलंडची पार्श्वभूमी

ऑक्टोबरच्या अखेरीस एका सकाळी अमेरिकेतल्या युटा राज्यात शे-दोनशे घोडेस्वार एका बेटावर जमतात आणि पाच-सातशे बायसनना दक्षिणेकडून उत्तरेकडे हाकत नेतात. पिवळ्या गवतातून तो काळा कळप आधी गोगलगाईसारखा सरकतो. मग पुढची एखादी म्हातारी मादी बिथरते आणि सगळा डोंगरउतार एकदम पळायला लागतो. टापांचा आवाज कानाला ऐकू येण्याआधी पायांखाली जाणवतो. संध्याकाळपर्यंत कळप कोंडवाड्यात. काही दिवस त्यांना निवांत राहू देतात, मग एकेकाला लोखंडी खोड्यात घेऊन लस, तपासणी, मायक्रोचिप. चाऱ्याच्या मानाने जास्त झालेली जनावरं लिलावात जातात.

हे दृश्य पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, काय हा आदिम निसर्ग! मलाही वाटलं होतं. पण अँटिलोप आयलंड स्टेट पार्कमधलं जवळजवळ काहीच आपोआप तिथे आलेलं नाही. बायसन होडीतून आले. हरणासारखे दिसणारे प्राँगहॉर्न ट्रकमधून आले. डोंगरी मेंढ्या तर दोनदा आणाव्या लागल्या. या जागेचा इतिहास म्हणजे जंगलाचा इतिहास कमी आणि गोठ्याचा जास्त. त्यात प्रत्येक मालकाने एकाच गोष्टीवर भिस्त ठेवली : चहूबाजूंनी पाणी आहे, कुंपणाचा खर्च वाचला.

आधी भूगोल थोडक्यात. सॉल्ट लेक सिटीपासून तासाभरात पोचता येतं. सिराक्यूज गावाजवळून सुमारे 11 किलोमीटरचा रस्ता थेट खाऱ्या सरोवरातून बेटावर जातो. ग्रेट सॉल्ट लेकमधलं हे सर्वांत मोठं बेट : लांबी साधारण 24 किलोमीटर, क्षेत्रफळ 28,000 एकर. फ्रेरी पीक हे सर्वांत उंच शिखर 6,596 फुटांवर आहे. सरोवराचा काठ मुळातच 4,200 फुटांच्या आसपास, म्हणजे चढ चोवीसशे फुटांचा. खडक पृथ्वीवरच्या जुन्या खडकांपैकी, पावणेदोन अब्ज वर्षांपूर्वीचे. उतारांवर पायऱ्यांसारख्या आडव्या रेषा दिसतात. त्या हिमयुगातल्या बॉनविल नावाच्या प्रचंड सरोवराच्या काठाच्या खुणा आहेत. आजचं खारं सरोवर हे त्याचं आटत आटत उरलेलं तळं. आणि एक गोष्ट, जिच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे : खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या बेटाच्या पूर्व उतारावर गोड्या पाण्याचे चाळीसेक झरे आहेत.

नावाचा घोळ इथेच निस्तरून टाकू. ज्या प्राण्यावरून बेटाचं नाव पडलं तो प्राँगहॉर्न, म्हणजे खरा अँटिलोप नव्हेच. आपला काळवीट, आपला चिंकारा हे खरे अँटिलोप. प्राँगहॉर्नचं कुळच निराळं, त्या कुळातला तो एकटा उरलेला, आणि शिंगांवरचं आवरण तो दरवर्षी टाकतो. ज्याला तिथले लोक बफेलो म्हणतात तो बायसन आहे, म्हशीशी त्याचा जवळचा संबंध नाही. आपणही त्यांना हसायचं कारण नाही. आपल्या दाजीपूरला आपण वर्षानुवर्षं बायसनचं अभयारण्य म्हणत आलो आणि तिथे आहेत गवे! राहिलं बेट. ते बेट आहे की नाही, हे दरवर्षी पाण्याची पातळी ठरवते.

1845 च्या ऑक्टोबरात सैन्याचा सर्वेक्षक जॉन फ्रेमॉन्ट तिथे आला तेव्हा ते धड बेट नव्हतं. तो, वाटाड्या किट कार्सन आणि आणखी काही जण घोड्यांवरूनच पलीकडे गेले. पाणी खोगिराच्या तंगाच्या वर चढलं नाही, असं त्याने लिहून ठेवलं आहे. तळाशी मिठाचा थर, अर्धवट विरघळलेल्या बर्फासारखा, त्यात घोड्यांच्या टापा रुतत होत्या. बेटावर गवत, पाणी आणि प्राँगहॉर्नचे कळप. त्यांनी बऱ्याच मारल्या, मांस घेऊन परतले, आणि त्या उपकाराची आठवण म्हणून बेटाला नाव दिलं.

खरा प्रसंग पुढे आहे. मुक्कामावर एक म्हातारा यूट जमातीचा माणूस येऊन बसला होता. शिकार पाहून त्याने सांगितलं, ही माझी जनावरं. त्या बेटावरची सगळीच माझी, माझ्याकडे जगायला तेवढंच आहे, तेव्हा भरपाई द्या. फ्रेमॉन्टला त्याच्या हजरजबाबीपणाची गंमत वाटली. त्याने एक गठ्ठा सोडायला लावला आणि लाल कापड, सुरी आणि तंबाखू दिली. फ्रेमॉन्टने हे विनोदाच्या सुरात सांगितलं आहे. मला मात्र वाटतं, बेटाच्या लेखी इतिहासातला मालकीचा पहिला दावा हाच, आणि पुढच्या सगळ्या दाव्यांपेक्षा सरळ. यूट, शोशोनी, गोश्यूट या लोकांना हा परिसर पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. त्यांच्याही आधी हजारो वर्षं इथल्या गुहांमध्ये माणसं राहून गेल्याचे पुरावे आहेत. त्या म्हाताऱ्याचं नाव मात्र कुणी टिपून घेतलं नाही.

दोन वर्षांनी, जुलै 1847 मध्ये, ब्रिगहॅम यंगच्या नेतृत्वाखाली मॉर्मन पंथाचे स्थलांतरित या खोऱ्यात उतरले. पूर्वेकडे छळ झालेला, घरंदारं सोडून आलेला हा समाज. पंथाचा नियम असा की उत्पन्नाचा दशमांश चर्चला द्यायचा. पैसा कुणाकडेच नव्हता, म्हणून लोक जनावरं देत. चर्चकडे अशी गुरं साठत गेली. ती ठेवायची कुठे? मोकळ्या रानात ठेवली तर राखणीला माणसं हवीत. पलीकडे बेट दिसतच होतं.

1848 मध्ये फील्डिंग गार नावाचा विधुर आपली मुलं घेऊन बेटावर राहायला गेला. चर्चची गुरं सांभाळायचं काम त्याच्याकडे आलं. पूर्व किनाऱ्यावर एका झऱ्याजवळ त्याने उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांचं घर बांधलं. ते अजून उभं आहे, त्याच पायावर. आत गेलं की आपल्याकडच्या जुन्या मातीच्या घरातला गारवा अंगावर येतो. भिंती चांगल्या जाड, खिडक्या लहान. शेजारी झऱ्यावरच उभारलेली छोटी खोली आहे. वाहत्या गार पाण्यावर दूध-लोणी टिकवायची ती सोय, त्या काळचा फ्रीज. या घरात 1848 पासून 1981 पर्यंत कोणी ना कोणी सलग राहत होतं. आपल्याकडे दीडशे वर्षांच्या घराचं कुणाला अप्रूप नसतं, पण युटात एवढं जुनं आणि जागचं न हललेलं गोऱ्या वसाहतकाऱ्यांचं घर म्हणजे ठेवाच.

1849 साली चर्चने युरोपातल्या गरीब अनुयायांना प्रवासखर्च उसना देण्यासाठी एक निधी उभा केला. बेटावरच्या गुरांचा पैसा त्यातही गेला. म्हणजे डेन्मार्क नाही तर इंग्लंडमधून निघालेल्या एखाद्या कुटुंबाच्या बैलगाडीमागे या बेटाचं गवत होतं. लोक बेटाला तेव्हा ‘चर्च आयलंड’च म्हणत. गार 1855 मध्ये वारला. पुढे चांगल्या पैदाशीचे घोडेही इथे सोडले गेले, आणि दगडधोंड्यांत वाढलेले ते घोडे चपळाईसाठी नावाजले गेले.

पण चर्चच्या मालकीला सरकारी कागदाचा आधार नव्हता. 1862 च्या कायद्याने कुणालाही 160 एकर जमिनीवर पाच वर्षं राहून, कसून हक्क सांगता येत होता. 1869 मध्ये सरोवराच्या उत्तरेला प्रोमोंटरी इथे पूर्व आणि पश्चिमेचे रेल्वेमार्ग जोडले गेले आणि नवे लोक येऊ लागले. बेटावरही काहींनी नशीब आजमावलं. बहुतेक टिकले नाहीत, कारण 160 एकर हा आकडा पाऊस पडणाऱ्या मुलखात बसून काढलेला होता.

जॉर्ज आणि अ‍ॅलिस फ्रेरी हे जोडपं टिकलं. जॉर्जला सरोवराच्या लाटांची नस सापडली होती. खारं पाणी जड असतं, वारा सुटला की लाटा लाकडी होडीला हातोड्यासारख्या बडवतात. 1897 मध्ये अ‍ॅलिसच्या पोटात दुखायला लागलं. अपेंडिक्स फुटलं होतं. मध्ये वादळी पाणी. ती वाचली नाही. तिला बेटावरच पुरलं, आणि शिखराला नाव या कुटुंबाचं. एरवी मालकांना हवंहवंसं वाटणारं पाण्याचं कुंपण त्या दिवशी नेमकं आड आलं.

आता बायसन. मैदानी प्रदेशातले कोट्यवधी बायसन कातड्यांसाठी, रेल्वेसाठी आणि आदिवासींचा अन्नाचा आधार तोडण्यासाठी मारले गेले. 1880 च्या दशकाच्या अखेरीस साऱ्या खंडात हजारभर उरले होते. त्याच दशकात जॉन डूली या धनिकाने बेटाचा बहुतेक भाग विकत घेतला. 1893 मध्ये त्याने आणि विल्यम ग्लासमन यांनी 12 बायसन होडीतून बेटावर आणले : चार नर, चार माद्या, चार वासरं. आजचा सगळा कळप मुख्यतः या बारांचा वंश. यात निसर्गप्रेम किती आणि धंदा किती, हे मला विचाराल तर धंदा अधिक. दुर्मीळ झालेल्या जनावराला भाव येतो, शिकारीला पैसेवाले येतात, हा साधा हिशेब. पुढे तेच झालं. 1920 च्या दशकात इथे मूकपटातली शिकारदृश्यं चित्रित झाली, आणि 1926 मध्ये मोठी शिकार होऊन शेकड्यांतला कळप पन्नासच्या आसपास आला. मालकांच्या लेखी बायसन चारा खाणारी आणि कुंपणं मोडणारी अडचण होती, कारण एव्हाना बेटावर मेंढ्यांचं राज्य होतं. दहा हजारांपर्यंत मेंढ्या, लोकर कातरायला यंत्रं. गारच्या वाड्याजवळ ती कातरणीची वखार आज पाहता येते, आत अजून लोकरीचा तेलकट वास येतो असं मला तरी वाटतं.

आणि ज्यांच्या नावाचं बेट, त्या प्राँगहॉर्न? 1930 च्या दशकापर्यंत त्या इथून नाहीशा झाल्या. साठेक वर्षं हे बेट आपल्या नावाच्या प्राण्याशिवाय होतं. 1993 मध्ये त्या पुन्हा आणून सोडल्या.

मध्ये सरकार आलं होतं. 1969 मध्ये राज्याने उत्तर टोकाची 2,000 एकर जमीन घेतली, रस्ता झाला. 1981 मध्ये उरलेलं बेट विकत घेऊन सगळ्याचं स्टेट पार्क केलं. जमीन हातात आली आणि दोनच वर्षांत, 1983 मध्ये, सरोवर इतकं चढलं की रस्ताच पाण्याखाली गेला! पातळी 4,211 फुटांपलीकडे पोचली, आणि दहाएक वर्षं लोकांना गाडीने जाता आलं नाही. बायसनना सुट्टी मिळाली म्हणायची. पण त्याच दशकात दरवर्षी कळप हाकून मोजायची, तपासायची पद्धत सुरू झाली. बेट मर्यादित, चारा मर्यादित, मोठे शिकारी प्राणी जवळजवळ नाहीत. जी काटछाट लांडग्यांनी केली असती ती लिलावाने करावी लागते.

बिगहॉर्न या डोंगरी मेंढ्या 1997 मध्ये आणल्या. 2018 च्या सुमारास न्यूमोनियाच्या साथीने तो कळप गेला, 2020 मध्ये नवा आणला. वसंतात त्यांच्या विणीसाठी फ्रेरी पीकची पायवाट काही काळ बंद ठेवतात. तिथे जायचंच तर त्याच दिवसांतल्या चावऱ्या चिलटांबद्दलही विचारून घ्या. ती दिसत नाहीत, केसांत शिरतात, आणि खाज आठवडाभर पुरते. ‘व्हाइट रॉक बे’ची वाट सोपी, बायसन हमखास दिसतात. अंतर राखा. ते आळसावलेले वाटतात आणि घोड्याच्या वेगाने धावतात. 2017 पासून बेटाला गडद आकाशाच्या उद्यानाचा आंतरराष्ट्रीय दर्जा आहे. तासाभरावर एवढं शहर असून आकाशगंगा दिसते.

पक्षी हा खरं तर वेगळ्या लेखाचा विषय. सरोवराच्या मुख्य पाण्यात मासे जगत नाहीत. जगते ती नखाएवढी ब्राइन श्रिंप आणि काठावरच्या माश्या, आणि त्यांच्यावर लाखो पक्षी स्थलांतरात पोसतात.

राहता राहिलं पाणी. 23 जुलै 1847 ला, मॉर्मनांची पहिली तुकडी खोऱ्यात पोचल्याबरोबर, त्यांनी एका ओढ्याचं पाणी बांध घालून शेतात वळवलं आणि बटाटे लावले. इतक्या कोरड्या मुलखात ती जगण्याची निकड होती. पण तो पहिला पाट आणि आजचे अल्फाल्फाच्या गवताचे हिरवे पट्टे यांच्यात खंड पडलेला नाही. बेअर, वेबर, जॉर्डन या नद्यांचं पाणी सरोवरात पोचण्याआधीच मोठ्या प्रमाणात उचललं जातं. त्यात दुष्काळाची भर. नोव्हेंबर 2022 मध्ये पातळी 4,188 फुटांवर आली, नोंदी सुरू झाल्यापासूनची सर्वांत कमी. बेटाच्या उत्तर टोकाला होड्यांसाठी बांधलेल्या धक्क्यापाशी चिखल उरला, तोही भेगाळलेला.

त्या महिन्यात फ्रेमॉन्ट आला असता तर त्याच्या घोड्यांच्या टापाही ओल्या झाल्या नसत्या. दक्षिणेकडे बेट आणि मुख्य जमीन यांच्यामध्ये पांढरट, कोरडा पट्टा उघडा पडलेला असतो. गवत संपलं की बायसन त्याच्या कडेपर्यंत येतात, नाकपुड्या फुगवून पलीकडचा वास घेतात, आणि मागे फिरतात. बहुतेक वेळा.